खाचेतला शेंदूर

आमच्या कारखान्यात कोणत्याही नव्या वस्तूचा पहिला नग विकला जात नसे. तो देवाचा. उद्यमनगरातल्या लांबट शेडच्या पूर्वेकडील भिंतीत वडिलांनी एक कोनाडा करून घेतला होता. त्यात गणपतीची पंचधातूची मूर्ती, आणि मूर्तीच्या दोन्ही अंगांना चढत्या फळ्या. त्या फळ्यांवर पहिले नग मांडलेले असत: उसाच्या घाण्याचे दातेरी चाक, पंपाचा पंखा, आणि अशाच कितीतरी वस्तू, ज्यांचे गिऱ्हाईक आणि उपयोग दोन्ही काळाआड गेले होते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, की या नगांवर तेलात कालवलेल्या शेंदराचा हात फिरे. तो मान थोरल्या मिस्त्रींचा. मंत्र म्हणण्याचे काम माझे.

मी कारखान्याचा माणूस नव्हे. माझे शिक्षण पाठशाळेत झाले आणि पुढचे आयुष्य शाळेत संस्कृत शिकवण्यात गेले. कारखाना धाकट्या भावाने सांभाळला. निवृत्त झाल्यावर मात्र रोज सकाळी कोनाड्यातल्या देवाची पूजा करण्यासाठी मी तेथे जाऊ लागलो, आणि पूजा आटोपल्यावर ऑफिसातल्या खुर्चीवर बसून राहू लागलो. यंत्राच्या पोटातले मला आजही फारसे कळत नाही. परंतु कशातून काय घडत गेले तो क्रम मी त्या खुर्चीवरून पाहिला आहे, आणि तो आठवला, की आजही पूजा करताना हात थबकतो.

आमचा मुख्य माल म्हणजे लहान पॉवर प्रेस. हुपरीत घरोघरी चांदीचे पैंजण होतात. त्यांच्या घुंगरांच्या इवल्या वाट्या या प्रेसवर पाडतात. पुढचे कळावे म्हणून त्याची रचना थोडक्यात सांगतो. मोटरवर एक जड फ्लायव्हील अखंड फिरत असते. पायडल दाबले, की ते मुख्य दांड्याला जोडले जाते, वरचा रॅम एकदा खाली येतो, चांदीच्या पत्र्यातून वाटी पाडतो आणि वर जातो. तो वरच थांबावा म्हणून दांड्यावर एक पोलादी कडे असते, कड्याला एक खाच असते, आणि त्या खाचेत येऊन बसणारा एक खटका असतो. खटक्याची चोच खाचेत बसली, की रॅम थांबला. बसलेली चोच निसटली, तर पायडलावर पाय नसतानाही रॅम पुन्हा खाली येतो. धंद्यात याला ‘डबल मारणे’ म्हणतात. वाटी उचलण्यासाठी आणि पत्रा पुढे सरकवण्यासाठी बसणाऱ्या बाईचा हात नेमका त्याच वेळी रॅमखाली असतो. तिच्या हातामध्ये आणि त्या वजनामध्ये खाचेच्या खोलीएवढेच काय ते संरक्षण.

नव्वदीचे दशक सरता सरता भावाने पहिले संगणकी यंत्र बसवले, आणि त्यानंतर काही काळाने भावाची मुलगी इंजिनिअर होऊन कारखान्यात आली. तोवर आमच्या प्रेसची धड ड्रॉइंगे नव्हती. आधीचा नग शेजारी ठेवायचा आणि तसाच पुढचा करायचा, ही रीत. पुतणीने ठरवले, की सगळा प्रेस संगणकात उभा करायचा. तिने जे सॉफ्टवेअर आणले, त्याला पॅरामेट्रिक म्हणत.

“काका, यात वस्तू नुसती काढायची नसते,” ती मला समजावून सांगे. “ती कशी जन्मली ते सांगायचं असतं. आधी हा ठोकळा, मग त्यात हे भोक, मग भोकाच्या मापावरून ही खाच, खाचेच्या मापावरून खटक्याची चोच. सगळं एका झाडासारखं. मूळ माप बदललं, की फांद्या आपोआप बदलतात.”

मला ते विलक्षण आवडले. विधीची रचना अशीच असते. प्रत्येक कर्म आधीच्या कर्माच्या आधारावर उभे असते, आणि आरंभी उच्चारलेला संकल्प शेवटच्या आहुतीपर्यंत पोचतो. पडद्याच्या डाव्या बाजूला ती वंशावळ खाली खाली वाढत जाई आणि उजव्या बाजूला प्रेस आकार घेई.

कड्यापाशी आल्यावर ती अडली. कारखान्यातली कडी एकमेकांशी जुळत नव्हती. नकलेवरून नक्कल करताना वर्षानुवर्षे मापे सरकत गेली होती.

“मला नकलेची नक्कल नको,” ती म्हणाली. “मूळ हवं. आजोबांनी केलेलं पहिलं कडं कुठं आहे?”

ते कोनाड्यात होते. हस्तलिखितांच्या अभ्यासात आम्हीही हाच मार्ग धरतो: उत्तरकालीन प्रती बाजूला ठेवायच्या आणि सर्वांत जुनी पोथी शोधायची. तिने चपला बाहेर काढल्या, हात धुतले, आणि मी नमस्कार करून कडे तिच्या हाती दिले. वर्षानुवर्षांच्या शेंदराने ते तांबडेलाल आणि गुळगुळीत झाले होते.

मिस्त्री मागे उभे होते. मोठ्या आवाजाचा, मोठ्या देहाचा माणूस. सगळा कारखाना त्यांच्या हाकेने चाले. ते म्हणाले, “ताई, माप घ्या, फोटू काढा, काय पायजे ते करा. पन शेंदूर खरवडायचा न्हाय. देवाचं कवच हाय ते.”

“नाही हो मिस्त्री, मी कशाला खरवडू,” ती म्हणाली. बाहेरच्या अंगावरचा थर कागदाएवढा असेल असा अंदाज करून तिने तेवढा वजा केला. मग खाचेत मापकाची काडी सोडली. खाचेचा तळ सपाट होता, कठीण होता, आणि काडी त्यावर खणखणीत टेकली. पडद्यावर आकडा आला. तो तिने वंशावळीच्या मुळाशी लिहिला.

पातळ शेंदूर खोलगट जागी साचतो, हे कोणत्याही मारुतीच्या देवळात दिसते. देवाच्या नाकाडोळ्यांच्या कडा बुजतात आणि चेहरा दरवर्षी थोडा अधिक गोल होत जातो. त्या दिवशी हे कोणाच्याही मनात आले नाही.

संगणकातून उतरलेला प्रेस सुरेख झाला. खाच उथळ झाली होती, पण खटक्याची चोच खाचेवरून काढलेली असल्याने तीही तितकीच आखूड झाली होती. दोघी एकमेकींत अचूक बसत. वंशावळीत कोठे विसंगती असली, की तेथे लाल खूण उमटते. येथे सारे हिरवे होते. शिवाय एक लाभ असा झाला, की पायडल हलके पडू लागले. उथळ खाचेतून चोच बाहेर काढायला पायाला कमी जोर लागतो. हुपरीहून निरोप आला, की बायका खूश आहेत, संध्याकाळी पोटऱ्या दुखत नाहीत.

“आदीचा खटका म्हशीगत हट्टी हुता,” मिस्त्री सगळ्यांना सांगत. “ह्यो गाईगत. नुसतं हात लावला की बाजूला हुतोय.”

भावाचा ऊर भरून आला. मागणी वाढली. प्रत्येक प्रेस त्या एकाच मुळापासून निघाला, टेम्पोत बसला आणि कुणाच्या तरी घराच्या सोप्यात जाऊन उभा राहिला. आज विचार करताना वाटते, की चूक एखाद्या नगात असती तर ती एका घरात राहिली असती. येथे ती बीजात होती, आणि प्रत्येक फळात ती अव्यंग उतरत होती. पोलादाच्या नव्या कडा धारदार असतात, तोवर उथळ खाचही पकड धरते. रोजच्या ठोक्यांनी त्या कडा गोल होत जातात. ते काम हुपरीत घरोघरी, सावकाश, चालू झाले होते.

काही वर्षे अशीच गेली. नव्या शतकाचे पहिले दशक संपत आले तेव्हा बहिणीचा मुलगा पुण्याहून परतला. तोही इंजिनिअर, स्वभावाने हसरा आणि जिभेचा तिखट. त्याने लॅपटॉपवर एक नव्या तऱ्हेचे सॉफ्टवेअर आणले होते. त्यात वंशावळ नव्हती. वस्तू समोर उभी. जी भिंत हलवायची ती धरायची आणि ओढायची.

“हे डायरेक्ट मॉडेलिंग, मामा,” तो मला म्हणाला. “दीदीचं सॉफ्टवेअर म्हणजे लग्नातले भटजी. गोत्र विचारल्याशिवाय अक्षता टाकत नाहीत.”

“आणि तुझं म्हणजे धर्मशाळा,” पुतणी म्हणाली. “कोण आला, कुठून आला, कुणाला पत्ता नाही. सकाळी चादर झटकली की झालं.”

“अगं, पण गिऱ्हाईक दारात उभं असताना तू झाडाच्या मुळ्या मोजत बसतेस. परवा त्या व्हॉल्व्हवाल्यानं फाईल पाठवली, त्यात तुझं झाड होतं का?”

“नव्हतं.”

“मग काय केलंस?”

“पहिल्यापासून काढला.”

“मी चहा येईस्तोवर भोकं सरकवून दिली असती.”

या बोलण्यात तथ्य होते, आणि तीही ते मान्य करी. परक्यांकडून आलेल्या फायली मुक्या असत. त्यांत आकार असे, आकाराचा इतिहास नसे. अशा कामाला, किंवा यंत्रावर काम पकडून ठेवणाऱ्या, एकदाच लागणाऱ्या शिकंज्याला, भाच्याचे साधन उत्तम होते. पुतणीच्या साधनात एखादे जुने माप हलवले, की कधी कधी भलतीकडेच काही मोडून पडे, आणि ते दुरुस्त करण्यात दिवस जाई. उलट एकाच प्रेसचे लहानमोठे प्रकार काढायचे असले, की तिच्या झाडाला तोड नव्हती. दोघांचे भांडण ऐकत मी बसे. मला दोन्ही साधनांचे थोडे भय वाटे. एकात, न सांगितलेल्या गोष्टीही बदलत. दुसऱ्यात, सांगायच्या राहिलेल्या गोष्टी तशाच राहत.

अशाच एका सकाळी हुपरीचा एक पैंजणवाला आला. आमचा जुना गिऱ्हाईक, दणकट, गप्पिष्ट माणूस. त्या दिवशी त्याने चहा घेतला नाही.

“मालक, मशीन डबल मारलं,” तो भावाला म्हणाला.

“कधी?”

“काल. बायको बसलीती. पत्रा सरकवून हात मागं घेतला, आन् पाय उचललेला असताना ठोका पडला.” त्याने स्वतःचा हात टेबलावर ठेवला आणि किंचित मागे ओढला. “एवढ्यात वाचली. वाटी पार कागद झाली.”

भावाने विचारले, “पायडलात काही अडकलं असंल का?”

“मालक, मी बी मशीनवर बसूनच म्हातारा झालोय,” तो म्हणाला. “पायडलात काय न्हवतं.”

कडे काढून आणले. खाचेच्या कडा गोल झाल्या होत्या. भाच्याने लगेच कड्याची फाईल आपल्या लॅपटॉपवर घेतली, खाचेचा तळ धरला आणि खाली ओढला. खाच खोल झाली. अगदी सहज, आणि वंशावळीला कळू न देता. दुपारपर्यंत नवे कडे यंत्रावरून उतरले.

मिस्त्रींनी ते जोडून पाहिले आणि हसले. “भाचेबुवा, विहीर खोल केलीसा, पन दोर तेवढाच ठेवला की. चोच तळाला पोचतीया कुठं?”

भाच्याने खटकाही उघडला आणि चोच ओढून लांब केली. जोडी बसली. पैंजणवाला नवी जोडी घेऊन गेला. जाताना त्याने विचारले, “बाकीच्यांची मशिनं?”

“बघतो,” भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पूजा करत असताना ती ऑफिसात एकटीच संगणकासमोर बसली होती. तिने मला हाक मारली.

“काका, बघा. मुळातलं माप मी वाढवलं. चोच आपोआप लांब झाली, सगळं हिरवं. आता कमी करते. चोच आखूड, सगळं हिरवं. आणखी कमी करते.” पडद्यावर खाच जवळजवळ नाहीशी झाली. कोठेही लाल खूण उमटली नाही. “याला काहीच खटकत नाही. मी जे सांगेन ते त्याला खरं वाटतं. त्यानं जोडी जुळवली, किती खोल असावी हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि काल तुमच्या भाच्यानं खाच ओढली ती किती ओढली? डोळ्याला बरी दिसेल एवढी.”

भाचा दारात उभा होता. नेहमीचा विनोद त्याच्या तोंडी आला नाही. “मी गोल झालेली कड झाकेल इतकी ओढली,” तो म्हणाला. “खरं माप मला तरी कुठं ठाऊक आहे?”

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “मी स्वतः मोजलं होतं.” मग ती थांबली, आणि हळूहळू तिची मान कोनाड्याकडे वळली.

तो क्षण मला स्पष्ट आठवतो. निरांजन अजून जळत होते आणि फळीवरचे कडे त्या उजेडात ओले असल्यासारखे चमकत होते.

“काका,” ती म्हणाली, “शेंदूर काढावा लागेल.”

शेजारच्या यंत्रापाशी असलेला भाऊ हे ऐकून तडक आत आला. “वडिलांनी ठेवलेलं आहे ते. दसऱ्याला लोक काय म्हणतील?” मिस्त्री तर आत यायलाही तयार होईनात. “गुरुजी, तुमी शिकल्या-सवरल्याली मानसं. पन कवच उतरवल्यावर काय हुतंय ते मला ठावं हाय. माज्यादेखत नको,” असे म्हणून ते गेटपाशी जाऊन उभे राहिले.

शास्त्रात याला विधी आहे. कवच जड झाले, की मूर्तीवरून ते उतरवतात, वाहत्या पाण्यात सोडतात आणि देवाला नवे लेपन करतात. त्यात अवमान नाही. देवाचे मूळ रूप आपण झाकून ठेवले होते एवढेच त्यातून दिसते. मी भावाला हे सांगितले. तो म्हणाला, “दादा, तू म्हणतोस तर कर.” मी पाट मांडला, देवाची क्षमा मागितली आणि कोमट तिळाच्या तेलात भिजवलेल्या पंच्याने कडे पुसू लागलो.

बाहेरचा थर खरोखर कागदाएवढाच होता आणि लवकर सुटला. खाचेतला सुटेना. तेल मुरू दिले, पुन्हा चोळले, लाकडी काडी कडेकडेने फिरवली. बऱ्याच वेळाने तो एका तुकड्यात निघून आला: लाल, कौलाच्या खापरीसारखा टणक, खाचेच्या आकाराचा. तो माझ्या तळहातावर पडला. त्याखाली पोलाद कोरे होते. वडिलांच्या हत्याराच्या बारीक रेषा तळाशी तशाच होत्या.

पुतणीने मापकाची काडी आत सोडली. ती खूप खाली गेली. आकडा तिने मोठ्याने वाचला नाही. तो आम्हां सगळ्यांना पडद्यावर दिसत होता. तिने फक्त माझ्या तळहातावरच्या खापरीकडे पाहिले.

“एवढी कमी,” ती म्हणाली. “प्रत्येक घरात एवढी कमी.”

भाचा म्हणाला, “दीदी, आधी मशिनं थांबवू. रडायचं असलं तर गाडीत रड.”

कवच पंचगंगेत सोडायला मी थांबलो नाही. ते पंच्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवले आणि गाडीत बसलो. म्हातारा माणूस सोबत असला तर घरातल्या बायका ऐकतील, असे भावाचे म्हणणे पडले.

लग्नसराई तोंडावर होती. हुपरीच्या गल्ल्यांत घरोघरी ठोके चालू होते. एरवी तो आवाज मला समृद्धीचा वाटे. त्या दिवशी मी प्रत्येक ठोक्यानंतरच्या शांततेकडे कान देत होतो, की आता पुढचा ठोका पायाचा आहे की कुणाचाच नाही. आमचे प्रेस कोणत्या घरात आहेत हे भावाला पाठ होते. दारात उभे राहून तो म्हणे, “मशीन बंद करा. कडं बदलून देतो.” आणि आतून उत्तर येई, “आत्ता? मालक, खुळं झालासा काय? पुन्याचा माल उद्या द्यायचाय.” काही जण हसले. एक म्हातारी म्हणाली, “बरं चाललंय त्याला कशाला दोष काढतासा?” भावाने वाद घातला नाही. तो सरळ मोटरचा पट्टा उतरवी आणि पुतणी कडे काढून खाच दाखवी. गोल झालेली कड बोटाला लागली, की माणसे बोलायची थांबत. असे आम्ही घरामागून घर केले. एका घरात कड इतकी घासली होती, की भाच्याने ती पाहून कडे मुठीत झाकले आणि बसणाऱ्या बाईला दाखवलेच नाही.

शेवटच्या घरात प्रेस नव्हता.

“इकला की,” घरमालक म्हणाला. “मोठा घेतला. तुमचा सीमेपलीकडं गेला, कानडी मुलखातल्या पावण्यांच्यात. लिंगायतांचं घर हाय, दुकान बी हाय त्यांचं. सून बसती त्याच्यावर.”

गावाचे नाव विचारून आम्ही निघालो. ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकला होता. त्यांच्या दुकानात फोन होता, पण तो कुणी उचलला नाही. मी जप करीत होतो, आणि माझ्या लक्षात आले, की माळेचा प्रत्येक मणी ओढताना मला एक ठोका ऐकू येत होता.

उन्हे उतरणीला लागली तेव्हा घर सापडले. दगडी जोते, पुढे दुकान, मागे सोपा. मागून ठोके येत होते. दुकानातला माणूस उठून म्हणाला, “बर्री, कूड्री. पावणं कुठलं?” या, बसा, असे तो म्हणत होता. भाऊ उत्तर न देता आत वळला आणि सोप्याच्या दारात पोचताच हाक मारण्यासाठी त्याने तोंड उघडले. पुतणीने मागून त्याची बाही धरली.

“बाबा, हाक मारू नका,” ती अगदी हळू म्हणाली. “दचकली तर पाय पडेल.”

आम्ही दारातच उभे राहिलो. बाईची पाठ आमच्याकडे होती. डाव्या हाताशी चांदीची पट्टी, उजव्या हाताशी वाट्यांचे ताट. पाय दाबला, ठोका पडला, हात आत गेला, वाटी उचलली, पट्टी सरली, हात बाहेर आला. पुन्हा पाय. पुन्हा हात. तिच्या बांगड्या आत जाताना वाजत आणि बाहेर येताना वाजत. मी आयुष्यभर जे काही पठण केले, त्यातले एकही अक्षर मला त्या वेळी आठवेना. डोळ्यांसमोर फक्त तो हात होता आणि त्याच्यावर उभे असलेले वजन. दुकानदार आमच्या मागे येऊन थांबला. 

पट्टी संपली. तिने पाय उचलला आणि नवी पट्टी घ्यायला वळली, तेव्हा तिला आम्ही दिसलो.

“अक्का,” पुतणी म्हणाली, “हात मांडीवर ठेवा. तसेच. आता आत घालू नका.”

तिने हात मांडीवर ठेवले. भावाने पुढे होऊन बटण बंद केले, आणि आम्हीही त्याच्यामागे प्रेसजवळ गेलो. मोटर थांबली, फ्लायव्हील मात्र आपल्या वेगाने फिरत राहिले. ते जड असते, थांबायला वेळ घेते.

“काय झालं ओ?” दुकानदार म्हणाला. “मशीन चोरीचं हाय काय?”

भाऊ उत्तर द्यायला वळला, आणि त्याच वेळी रॅम खाली आला. एकच ठोका. रॅमखालच्या साच्यात काही नव्हते, त्यामुळे आवाज कोरडा झाला. पायडलाजवळ कोणाचाही पाय नव्हता.

फ्लायव्हीलची घरघर हळूहळू थांबली. मग पुतणीने पाना काढला, पट्टा उतरवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. भाचा तिच्याशेजारी बसला.

दुकानदाराने आमच्याकडे पाहिले, आणि समजूत काढावी तसे म्हणाला, “असं करतंय मधनं मधनं. आमास्नी वाटलं, जागा नवीन हाय, रुळंल.”

मी त्या बाईकडे वळलो. तिचे हात अजून मांडीवरच होते. मी विचारले, “बाळ, असं झालं, तरी तू बसत होतीस?”

“मला कळतंय की,” ती म्हणाली. “मारायच्या आदी बारीक आवाज येतोय त्याचा. तो आला की मी हात काढते.”

ठोका पडला तेव्हा आम्ही चौघेही त्या प्रेसपासून हातभर अंतरावर उभे होतो. तो आवाज आमच्यापैकी कुणालाही ऐकू आला नव्हता.